सचिनची लाइन रोज दोनला का पडायची

राऊटर म्हणजे काय, हे मला आईला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. सुरतेच्या गोडादऱ्यात आमच्या गल्लीत कुणी विचारलं की ती म्हणायची, "मन्ही पोर फोनना कामले शे." वडील पॉवरलूमवर होते. ते आतून ओरडून दुरुस्ती करायचे, "फोन नई, कॉम्प्युटरना फोन!" पंचवीस वर्षं हे काम केल्यावर आज वाटतं, वडिलांची व्याख्या चांगली होती. एका जागचे कॉम्प्युटर दुसऱ्या जागच्या कॉम्प्युटरांशी बोलतात, तेव्हा मधे बसून कोणाचं बोलणं कुठे पाठवायचं हे ठरवणारी पेटी म्हणजे राऊटर. एखाद्या जाड पुस्तकाएवढी. पुढे दोन-तीन दिवे, मागे वायरी.

ही पेटी तिच्याबाबतीत जे जे घडतं ते एकेका ओळीत लिहून ठेवते. त्याला आम्ही लॉग म्हणतो. लाइन आली, लाइन गेली, कुणी सेटिंग बदललं, असं सगळं. लॅपटॉप घ्यायचा, चपटी निळी वायर पेटीला लावायची आणि त्या ओळी वाचायच्या, हे माझं पोटापाण्याचं काम होतं. नव्वदीच्या दशकाच्या शेवटी सुरतेत हे काम करणारे मोजकेच होते आणि बाई बहुधा मी एकटीच. मोपेडवरून उतरून आत गेले की साहेब कधी येणार, अशी हमखास विचारणा व्हायची, "बेन, एन्जिनियर साहेब क्यारे आवशे?" मी म्हणायचे, "आवी गया. हुं ज छुं." आले की, मीच ती. मग चहा येई.

लॉग वाचायला अवघड नसतो, पण सवय लागते. प्रत्येक ओळीत शून्य ते सातमधला एक आकडा असतो. आकडा जितका लहान तितकी बाब गंभीर. कतारगामला हिऱ्याच्या कारखान्याचे एक मालक होते, त्यांना हे उलटं वाटायचं. त्यांनी हौसेने स्वतः लॉग वाचायला सुरुवात केली आणि एका सकाळी घाबरून फोन केला, "बेन, सवारे त्रण हतुं, हवे पांच थई गयुं!" जणू पेटीचा ताप वाढत होता. मी समजावलं, की तीनपेक्षा पाच बरं. त्यांनी विचारलं, मग सात झालं तर? म्हटलं, सात म्हणजे पेटीला काही काम नाही, ती नुसत्या गप्पा मारतेय. तेव्हापासून ते मला खुशालीचा फोन करून सांगायचे, "आजे सात छे, बेन."

आणि लॉग कुणाची भीड ठेवत नाही. एकदा मी एका ठिकाणी टेलिफोनच्या लाइनमनला तासभर बोल लावले, त्याला खांबावर चढायला लावलं. तो घामाघूम होऊन उतरला तेव्हा मी लॉग उघडला. त्यात लिहिलं होतं की लाइन माणसाने आदेश देऊन बंद केली आहे. तो आदेश सकाळी मीच दिला होता आणि काढायला विसरले होते. त्या लाइनमनला मी गरम सुरती लोचो खाऊ घातला, माफी मागितली आणि ठरवलं, की यापुढे आधी वाचायचं, मग बोलायचं. ठरवलं खरं. पण तो नेम मी वर्षभरसुद्धा पाळला नाही. ती गोष्ट आता सांगते.

सुरतेबाहेर सचिन नावाची औद्योगिक वसाहत आहे. तिथे कापडाला रंग आणि छपाई करणारं एक मोठं प्रोसेस हाउस आमचं गिऱ्हाईक होतं. त्यांचं दुकान रिंगरोडवरच्या कापड मार्केटमध्ये आणि कारखाना सचिनला. दोन्हीकडे एकेक राऊटर आणि मधे टेलिफोन खात्याची भाड्याची लाइन. मार्केटमध्ये ऑर्डर टाकली की ती सचिनला दिसायची आणि त्यावरून माल रवाना करायच्या चिठ्ठ्या तिकडे छापून निघायच्या. चिठ्ठी नाही तर टेम्पो फाटकाबाहेर जात नसे.

आणि ही लाइन रोज दुपारी दोनच्या सुमाराला पडायची. तासाभराने आपोआप यायची. तेवढा वेळ टेम्पो रांगेत उभे. संध्याकाळच्या ट्रकांना माल चुकायचा.

कारखान्याचे मॅनेजर विपिनभाई म्हणजे मालकांचे पुतणे. त्यांनी मला ऑफिसात फोन केला तेव्हा माझ्या टेबलावर दोन उघडे राऊटर पडले होते आणि तिसरं गिऱ्हाईक दारात उभं होतं. रोज, ठरलेल्या वेळी, तासभर, एवढं ऐकून मी म्हणाले, "विपिनभाई, मशीन असं घड्याळ बघून बंद पडत नाही. कोणीतरी हाताने बटण बंद करतंय. तिथे कोण बसतं?"

एवढंच बोलले. फोन ठेवला आणि विसरूनही गेले.

चार दिवसांनी विपिनभाईंचा पुन्हा फोन आला. राऊटरच्या बटणावर कुलपाची पेटी बसवून द्या म्हणाले. शनिवारी दीडच्या सुमाराला मी सचिनला पोहोचले. एप्रिलचं ऊन होतं. विपिनभाईंनी मला कॉम्प्युटरच्या खोलीपर्यंत आणून सोडलं आणि दारातूनच आत बोट दाखवत हिंदीत म्हणाले, "ये वही आदमी है. दोपहर को हीटर लगाके चाय बनाता होगा, उसके लिए आपका प्लग निकालता है. सोमवार से इसको वापस डाइंग में भेज रहा हूँ. आप ताला लगा दीजिए." आणि ते गेले.

आत पन्नाशीचा, सडपातळ, स्वच्छ पांढरी टोपी घातलेला माणूस उभा होता. उजव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्यासारखी, ओढलेली. मी "नमस्कार" म्हटलं. त्याने मान हलवली, माठातलं पाणी आणून दिलं आणि स्वतःशीच पुटपुटल्यासारखा म्हणाला, "मी बटनले हात बी लावा नई."

सुरतेत घराबाहेर अहिराणी कानावर आली की माझी मान आपोआप वळते. मी विचारलं, "आप्पा, तुम्हनं गाव कोनतं?"

त्यांचा चेहरा बदलला. "पारोळ्याजवळनं. तू खान्देशनी शे?"

त्यांचं नाव लोटन. सगळा कारखाना त्यांना लोटनआप्पाच म्हणायचा. वीस वर्षं रंगाईखात्यात काढली होती. तिथे उकळत्या रंगाच्या वाफेने हात भाजला आणि छाती कामातून गेली. म्हणून मोठ्या शेठनी त्यांना ह्या थंड खोलीत बसवलं होतं. काम म्हणजे खोली झाडायची, एसी बघायचा, दिवे गेले तर सांगायचं. आता परत रंगाईखात्यात जायचं म्हणजे त्या छातीने किती दिवस निघाले असते, हे ते काही बोलले नाहीत. मी त्यांचा श्वास ऐकत होते. माठापर्यंत जाऊन आले तरी त्यांना धाप लागली होती.

तेव्हा मला माझं फोनवरचं वाक्य आठवलं. 'तिथे कोण बसतं?' मी कुणाला बघितलं नव्हतं, एक ओळ वाचली नव्हती, आणि टेबलाशी बसून एका माणसाकडे बोट दाखवून मोकळी झाले होते.

कुलपाची पेटी पिशवीतच ठेवली आणि निळी वायर काढली.

पहिल्याच पानावर उत्तराचा अर्धा भाग होता. त्या काळच्या ह्या राऊटरांना स्वतःचं घड्याळ जपता येत नसे. वीज गेली की आधीचा सगळा लॉग पुसला जायचा आणि घड्याळ कुठल्यातरी जुन्या वर्षाच्या एक मार्चपासून, मध्यरात्री बारापासून पुन्हा सुरू व्हायचं. मग ते जितकं पुढे गेलं असेल तितका वेळ पेटी सलग चालू आहे, असं समजायचं. इथलं घड्याळ सात एप्रिलवर होतं. म्हणजे ही पेटी सव्वा महिन्यात एकदाही बंद झालेली नव्हती. कारखान्याला जनरेटर होता, त्यामुळे वीज गेल्याचाही प्रश्न नव्हता. कोणी प्लग काढला असता तर एवढा लॉग उरलाच नसता.

"आप्पा," मी म्हणाले, "ह्या पेटीला कुणी हात लावलेला नाही."

"मंग लाइन कशी जास?"

लाइन जाण्याच्या दोन तऱ्हा असतात. एक, टेलिफोनची तारच तुटली किंवा इथला मोडेम बिघडला. मग लॉगमध्ये इंटरफेस डाऊन असं येतं. दुसरी, तार शाबूत आहे, पण पलीकडची पेटी उत्तरच देत नाही. मग इंटरफेस अप राहतो आणि फक्त लाइन प्रोटोकॉल डाऊन होतो. हे मी आप्पांना असं सांगितलं, की एकात फोनच मेलेला असतो आणि दुसऱ्यात फोन जिवंत असतो, पण तिकडून हॅलो येत नाही.

लॉगच्या जागेत थोड्याच ओळी मावतात, नव्या आल्या की जुन्या गळतात. मला शेवटच्या पाच दिवसांचं दिसत होतं. पाचही दिवस तोच प्रकार. लाइन प्रोटोकॉल डाऊन आणि तासाभराने अप. इंटरफेसला काही झालेलं नव्हतं.

"हे कधीपासून चाललंय?" मी विचारलं.

आप्पांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्यापुढे ठेवलं. तारखेच्या प्रत्येक चौकोनात बारीक, सुबक मराठी आकडे. दोन-पाच गेली, तीन-दहा आली. दोन-सात गेली, तीनला आली. तीन महिन्यांची पानं अशी भरलेली. "माले इंग्रजी येत नई, बेटी. पन दिवा इझाना का मी लिखी ठेवस. कोनी इचारं तर सांगाले." त्यांना कोणीच विचारलं नव्हतं.

पेटीच्या आणि खऱ्या घड्याळातला फरक धरून मी पाच दिवसांचा लॉग त्या आकड्यांशी ताडून पाहिला. मिनिटाचाही फरक नव्हता. म्हणजे बाकीची पानंही खरी. मग आम्ही दोघं शेजारी बसून ती वाचत गेलो. रविवारचे चौकोन कोरे. रविवारी कारखाना चालू असायचा, मार्केट बंद. आणि मार्चमध्ये सलग आठ दिवस कोरे.

"ह्या आठ दिवसांत काय झालं होतं, आप्पा?"

त्यांनी थोडा विचार केला. "काय बी नई. मोठा शेठ श्रीनाथजीले गयथात. माघारी उनात तर आम्हले परसाद वाटा."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मोठे शेठ बसायचे ते मार्केटमधल्या दुकानात. इतक्यात स्क्रीनवर नवी ओळ आली. लाइन प्रोटोकॉल, चेंज्ड स्टेट टू डाऊन. माझ्या मनगटावर दोन वाजून सहा मिनिटं. आप्पांचे दोन्ही हात मांडीवर होते, बटण माझ्या डोळ्यांसमोर चालू होतं.

मार्केटमधल्या दुकानात फोन लावला. कुणी उचलला नाही. मी लॅपटॉप पिशवीत कोंबला, विपिनभाईंना बाहेरून ओरडून सांगितलं, "सोमवारचं काही ठरवू नका, मी फोन करते," आणि मोपेडला किक मारली. वाटेतलं उधना ओलांडेपर्यंत हँडल चटके देत होतं.

मार्केटच्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचले तेव्हा तीनला पाच-सात मिनिटं कमी होती. मुनीम जेवायला घरी गेलेले. पुढच्या खोलीत पांढऱ्या गादीवर, पंख्याखाली, मोठे शेठ रमणकाका कुशीवर झोपले होते. सत्तरीचे, अंगात मलमलचा सदरा, चष्मा घडी करून उशाशी. मोडेम तिथेच कोपऱ्यात टेलिफोनच्या खोक्याशेजारी होता आणि त्याचे दिवे चालू होते. आतली, राऊटर आणि कॉम्प्युटरची खोली मात्र काळोखी.

मी दाराशी स्टुलावर बसून राहिले. थोड्या वेळाने काका उठले, चष्मा लावला, मला बघून हसले. "अरे दीकरी, तुं क्यारनी बेठी छे?" मग सवयीने आतल्या खोलीच्या दाराशी गेले, हात वर केला आणि मुख्य बटण दाबलं. ट्यूबलाइट लागली. राऊटरचा दिवा लुकलुकायला लागला.

मी आत जाऊन वायर लावली आणि म्हटलं, "काका, जरा इथे बघा. ह्या पेटीत आत्ता एक मार्च आहे. मध्यरात्रीचे बारा वाजून तीन मिनिटं."

"घेली थई गई छे?" म्हणजे वेडी झाली की काय. ते खाली वाकून बघू लागले.

"वेडी नाही. तुम्ही रोज दुपारी बटण बंद करता, तेव्हा ती सगळं विसरते. आणि तेवढा वेळ सचिनची लाइन बंद पडते."

त्यांनी कान पकडला नाही की रागावलेही नाहीत. ते गादीवर बसले आणि सांगू लागले. काही वर्षांपूर्वी शेजारच्या मार्केटात वायर तापून आग लागली होती, ती त्यांनी खिडकीतून पाहिली होती. तेव्हापासून खोलीत माणूस नसेल तर वीज चालू ठेवायची नाही, हा त्यांचा नेम. संध्याकाळी दुकान वाढवायचं काम मुनिमांचं, त्यांना राऊटर चालू ठेवायची सूचना माहीत होती. दुपारी मात्र मुनीम घरी जात आणि काका आडवे होण्याआधी स्वतः उठून आतली खोली बंद करत. "मने कोईए कह्युं नथी," ते म्हणाले. खरंच, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. राऊटर बसवायला मीच आले होते. मुनिमांना समजावलं, पोरांना समजावलं. मालकांना कशाला सांगायचं, म्हणून त्यांच्याशी चहा पिऊन निघून गेले होते.

मग मी त्यांना लोटनआप्पांचं सांगितलं. सोमवारपासून डाइंग.

 काकांनी फोन ओढून सचिनचा नंबर फिरवला आणि त्या माणसाचा दोष नाही म्हणून सांगितलं. "विपिन, ए माणसनो कोई वांक नथी. स्वीच हुं बंध करुं छुं. हुं, तारो काको." पलीकडून काहीतरी बोलणं झालं असावं. काका म्हणाले, "ना, माफी तुं नहीं मागे. हुं आवुं छुं."

आणि ते गेले. गुडघ्यांमुळे दोन वर्षांत सचिनला न गेलेला माणूस सोमवारी सकाळी तीन मजले उतरून गाडीत बसला. मीही त्या दिवशी तिथे होते. काका आत आले तसे आप्पा खुर्ची सोडून ताडकन उठले. काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना परत बसवलं आणि स्वतः शेजारच्या स्टुलावर टेकले.  मग काकांनी कॅलेंडर मागितलं. एकेक चौकोन बोटाने वाचत गेले. "आटलुं बधुं में कर्युं?" एवढं सगळं आपण केलं का, असं त्यांनी विचारलं. आप्पा म्हणाले, "नहीं शेठ, रविवारे नहीं." तेव्हा काका इतके हसले की खोकला आला, आणि आप्पांनी पाणी आणायला धाव घेतली.

विपिनभाई दारात उभे होते.  पुढच्या आठवड्यात आप्पांच्या खोलीत मोठं भिंतीवरचं घड्याळ आणि एक जाड वही आली, आणि लाइनची तक्रार करायची तर आधी आप्पांना विचारायचं, असा नियम झाला. मार्केटमध्ये मी राऊटर पुढच्या खोलीत आणून बसवला, काकांच्या डोळ्यांसमोर. त्यांना वायर तापलेली नाही हे दुपारी झोपण्याआधी हात लावून बघता यावं म्हणून.

इथवर सगळं छान झालं, असं मी कित्येक महिने समजत होते. लोक मला शाबासकी देत होते. आप्पाही प्रत्येक भेटीत म्हणायचे, "बेटीनी माले वाचाडं." आणि दर वेळी मला खाली बघावंसं वाटायचं. कारण आग मीच लावली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आप्पा काम सोडून गावी निघाले, तेव्हा मी त्यांना भेटायला मुद्दाम सचिनला गेले. ते फडक्याने राऊटर पुसत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. "आप्पा, विपिनभाईंना तुमच्यावर संशय आला तो माझ्यामुळे. कोणीतरी बटण बंद करतंय, तिथे कोण बसतं, असं मीच फोनवर म्हणाले होते. न बघता. न वाचता."

त्यांनी फडकं झटकून घडी घातली.

"माले मालूम व्हतं," ते म्हणाले. "मी तठेच उभा व्हतू. विपिनभाईनी फोन मोठा करा व्हता, सगळा आवाज बाहेर येई राहिंता. मंग तू त्या शनिवारले दारमा उनी, नमस्कार म्हनी, तव्हयच वळखं. हाई तीच बाई."

 त्या दिवशी ते माझ्यापुढे पाणी घेऊन आले होते. स्वतःचं कॅलेंडर भिंतीवरून उतरवून माझ्या हातात दिलं होतं.

"मग तेव्हा काही बोलला का नाहीत, आप्पा?"

"कसं बोलू?" आप्पा म्हणाले. "तू वाची राहिंती."